काम गेलें, नांव राहिलें

अमरावती किंवा अकोला येथील कोणत्याहि शाळेचें हजेरीपत्रक उघडून पाहावें. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी, जोशी, चौधरी, पोतदार अशीं आडनांवें त्यांत हटकून आढळतील. हीं सर्व एके काळीं कामांचीं नांवें होतीं. देशमुखानें परगण्याचा वसूल व बंदोबस्त पाहावा, देशपांड्यानें त्याचा हिशेब ठेवावा, पाटलानें गांवचा कारभार सांभाळावा, पटवाऱ्यानें गांवचें दप्तर लिहावें, जोश्यानें पंचांग सांगावें आणि पोतदारानें नाणें पारखावें, असा तो क्रम होता. आज त्या हजेरीपत्रकांतील देशमुखांचा मुलगा यंत्रशास्त्र शिकेल, पाटलांची मुलगी डॉक्टर होईल आणि पोतदारांचा मुलगा पुण्यास जाऊन संगणकाच्या एखाद्या कचेरींत नोकरी धरील. आपल्या आडनांवांतील काम त्यांच्यापैकीं कोणीहि करीत नाहीं, आणि तें न केल्याबद्दल त्यांना कोणी जाबहि विचारीत नाहीं. काम गेलें, नांव राहिलें, आणि नांव धारण करणारा माणूस तिसऱ्याच कामास लागला. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं विचार करण्याजोगें आहे हेंच आपण विसरून गेलों आहों.

विचार करण्याजोगें आहे तें असें. मनुष्य आणि त्याचें काम यांचा संबंध किती? काम सुटलें म्हणजे माणसाचें काय सुटतें, आणि काय उरतें? पूर्वीं एकदां नोकरीस लागलेला गृहस्थ बहुधा पेन्शन घेऊनच बाहेर पडे. त्यामुळें हा प्रश्न साठीच्या सुमारास एकदांच उद्भवे, आणि तोंवर नातवंडें अंगाखांद्यावर खेळूं लागलेलीं असत. आतां तो चाळिशींत उद्भवतो, पस्तिशींत उद्भवतो, आणि एकाच माणसाच्या आयुष्यांत तीन तीन वेळां उद्भवतो. कोठें कारखाना बंद होतो, कोठें एक कंपनी दुसरीस गिळते, कोठें माणूस आपण होऊन कंटाळतो. काल जो व्यवस्थापक म्हणून ओळखला जाई, त्याला आज कोणी 'सध्यां काय करतां?' असें विचारलें कीं त्याची जीभ अडखळते. घरांत कोणी गेलेलें नसतें, तरी चेहऱ्यांवर सुतक असतें. अशा वेळीं उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यांत भर घालूं इच्छीत नाहीं. त्याऐवजीं आम्ही इतिहासाकडे वळतों; कारण आज ज्या प्रसंगांतून एकएकटा माणूस जात आहे, तो प्रसंग आमच्या वऱ्हाडानें एके काळीं घराण्यांच्या घराण्यांनीं भोगलेला आहे.

त्यासाठीं वतन म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. हल्लीं आपण हा शब्द 'वडिलोपार्जित मिळकत' एवढ्याच अर्थानें वापरतों. परंतु जुन्या काळचें वतन तीन पदरांच्या दोराप्रमाणें वळलेलें असे. पहिला पदर कामाचा. दुसरा हक्काचा, म्हणजे वसुलांतील ठराविक हिस्सा, ज्याला रुसूम म्हणत, तसेंच इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारे जिन्नस. तिसरा पदर मानाचा. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जावा, होळींत पहिली पोळी कोणाची पडावी, लग्नांत पहिला विडा कोणास द्यावा, कागदावर निशाणी कोणाची वर व कोणाची खालीं असावी, हें सर्व त्यांत येई. वतन वांटतां येई, गहाण पडे, विकतांहि येई. आणि अर्धी पाटिलकी विकली तर कोणता मान विकणाऱ्याकडे राहील व कोणता घेणाऱ्याकडे जाईल, हें खरेदीखतांत कलमवार लिहून काढीत. भाऊबंदांच्या जुन्या तंट्यांचे कागद वाचणारास एक गोष्ट तेव्हांच कळून येते. जमिनीच्या वांटणीवरून जितकीं भांडणें झालीं, त्याहून मानाच्या वांटणीवरून झालेलीं भांडणें कांहीं कमी कडू नव्हतीं.

हे तीन पदर निराळे आहेत, हें त्या काळीं कोणाच्या ध्यानांत येण्याचें कारण नव्हतें. काम करणारा, त्याचें फळ खाणारा आणि त्याचा मान मिरविणारा एकच. आणि त्याचा बाप, आजा व पणजाहि तेंच करीत आलेले. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला 'देशमुख' हें एकच उत्तर होतें, आणि त्यांत काम, भाकरी व प्रतिष्ठा या तिहींचा समावेश होई. राज्यें आलीं आणि गेलीं, मोंगलाईंतले मक्तेदार आले आणि गेले. पण परगण्याचें दप्तर त्याच घरांत राहिलें. अशा माणसाला आपण आणि आपलें पद हीं दोन आहेत, असें कोणी सांगितलें असतें तर तो हंसला असता.

ही गांठ सुटली ती एका तहानें. १८५३ सालच्या मे महिन्यांत निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यांत करार झाला, आणि फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवालीं करण्यांत आला. पुढें या प्रांताचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पाडून पूर्वेचें मुख्य ठाणें अमरावतीस आणि पश्चिमेचें अकोल्यास ठेविलें. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर पडला, प्रत्येक नंबरावर आकार बसला, आणि प्रत्येक खातेदाराचें नांव सरकारी दप्तरांत दाखल झालें. शेतकऱ्यानें सारा गांवांत पाटील-पटवाऱ्याकडे भरावा आणि तेथून तो तहसिलींत जावा, अशी सरळ वाट पडल्यावर गांव व सरकार यांच्या मध्यें बसलेल्या परगण्याच्या अंमलदाराला कामच राहिलें नाहीं. देशमुख-देशपांड्यांच्या हातून कांहीं अपराध घडला म्हणून हें झालें असें नाहीं. राज्य चालविण्याची रीत बदलली, आणि नव्या रीतींत त्यांची जागा नव्हती. जुन्या हक्कांच्या मोबदल्यांत रोख नेमणुकी बांधून देण्यांत आल्या. म्हणजे तीन पदरांपैकीं पहिला तुटला, दुसरा बारीक झाला, आणि तिसरा होता तसाच राहिला. कारण लग्नांतला विडा काढून घेण्याचें कलम कोणत्याहि तहांत नव्हतें.

या फरकाचा परिणाम घरांघरांवर निरनिराळा झाला. कित्येकांनीं उरलेला तिसरा पदरच घट्ट धरून ठेविला. परंतु मान हा फुकट टिकत नाहीं. त्याला पोसावें लागतें. पूर्वीं त्याला रुसूम पोसत असे. आतां तो घरच्या जमिनींतून आणि सावकाराच्या थैलींतून पोसावा लागला. पंगतींत हात आंखडतां येईना, दाव्यांत माघार घेतां येईना, आणि दारचें घोडें विकावें तर चार लोक काय म्हणतील ही भीति. काम करून मिळविलेल्या मानाला एक मर्यादा असते, कारण कामाला मर्यादा असते. काम सुटलेल्या मानाला ती राहत नाहीं, आणि त्याची भूक वाढत जाते. वऱ्हाडांत देशमुख हें तर हुद्द्याचें नांव न राहतां सोयरिकी ठरविणाऱ्या एका समाजवर्गाचेंच नांव होऊन बसलें. जें पद करावयाचें होतें तें जन्मानें मिळणारी जात झालें, यापेक्षां हुद्दा आणि माणूस यांच्या गोंधळाचें मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरीं कांहीं घरें निराळ्या वाटेनें गेलीं. देशपांड्याच्या घरांत मोडीचें वळण, हिशेबाची शिस्त, जमिनीची पारख आणि माणसांशीं बोलण्याची हातोटी हीं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलीं होतीं. परगण्याचें दप्तर सरकारनें नेलें. हें वळण नेतां येण्यासारखें नव्हतें, कारण तें कागदांत नसून बोटांत होतें. नव्या शाळा निघाल्या, कचेऱ्या आणि न्यायालयें उभीं राहिलीं, तेव्हां या घरांतील मुलें कारकून झालीं, मास्तर झालीं, वकील झालीं. एका वेळीं राज्याचें मानाचें पद असलेल्या घराण्यांतील मुलानें दुसऱ्याच्या हाताखालीं लेखणी धरावी, हें त्यांच्या वडील माणसांना सुखाचें गेलें असेल असें नाहीं. तरी वाडा राखण्यापेक्षां लेखणी राखणें त्यांनीं पत्करलें, आणि शंभर वर्षांनंतर पाहतां त्यांचाच व्यवहार फायद्याचा ठरला.

जी पाळी प्रथम परगण्याच्या वतनदारांवर आली ती कालांतरानें इतरांवरहि आली. मुंबई राज्यांत १९५० च्या कायद्यानें परगणा व कुळकर्णी वतनें रद्द झालीं, आणि महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटलाचें पद बंद झालें. आज गांवोगांवीं पोलीस पाटील असतो. पण त्याला सरकार नेमतें, आणि त्याचें आडनांव कांहींहि असूं शकतें. एवढी मोठी उलथापालथ होऊनहि लक्षावधि पाटील, कुळकर्णी व देशमुख सुखानें नांदत आहेत. पद गेल्यानें माणूस नाहींसा होत नाहीं, याला आमच्या हजेरीपत्रकांहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाहीं.

वतनदारांना निदान नेमणुकी मिळाल्या. ज्यांचा धंदा कोणत्याहि मोबदल्यावांचून बुडाला, त्यांचें काय झालें हेंहि पाहिलें पाहिजे; आणि त्यासाठीं वऱ्हाडांतील लमाण अथवा बंजारा समाजाकडे वळावें लागेल. रेल्वे येण्यापूर्वीं या देशांतील मीठ, धान्य आणि कापूस बैलांच्या पाठीवरून हलत असे, आणि तें काम लमाणांचें. शेंकडों बैलांचा त्यांचा काफिला निघे, त्याला तांडा म्हणत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला व बडनेरा या वाटेनें १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली. पुढें बडनेऱ्याहून फांटा काढून अमरावतीहि तिला जोडली गेली. ज्या वाटेला तांड्याला आठवडे लागत ती आगगाडीनें दिवसावर आणली, आणि एका पिढीच्या आंत पाठीवरच्या वाहतुकीचा धंदा संपला. लमाण शेतीस लागले, मजुरीस लागले. त्यांत त्यांचे हाल झाले, आणि ते कोणीं मोजले नाहींत. परंतु त्यांची बोली राहिली, त्यांचीं गाणीं राहिलीं, बायकांच्या ओढण्यांवरचें भरतकाम राहिलें, आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे तांडा हा शब्द राहिला. पूर्वीं तांडा म्हणजे चालणारा काफिला. आज तांडा म्हणजे एका जागीं वसलेली त्यांची वस्ती. बैल गेले, मीठ गेलें, वाट गेली. एकत्र राहण्याची रीत उरली, आणि जुन्या धंद्याच्या नांवानें तिला हांक मारूं लागले. वतनदाराच्या घरीं जें वळण बोटांत उरलें, तें लमाणांच्या तांड्यांत जिभेंत आणि सोबतींत उरलें.

येथवर आम्ही ज्यांचें काम दुसऱ्यांनीं काढून घेतलें त्यांच्याविषयीं बोललों. आपण होऊन पद सोडणाऱ्यांचीहि परंपरा वऱ्हाडांत आहे. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. त्यांचा जन्म १८५४ चा. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८८४ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली, आणि पुढील वर्षापासून ते वऱ्हाडांत मुनसफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर या जागांवर राहिले. त्या काळीं एतद्देशीय पदवीधराला याहून सुरक्षित जागा क्वचितच मिळे. १८९० सालीं त्यांनीं ती सोडली आणि अमरावतीस वकिली सुरू केली. १८९७ सालीं अमरावतीस राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें तेव्हां ते स्वागताध्यक्ष होते. १९०८ सालीं टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठीं चांगली चालती वकिली मागें ठेवून ते विलायतेस गेले, आणि १९१० सालीं परत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते शिरडीस साईबाबांकडे गेले, आणि १९११-१२ मध्यें तर महिनेच्या महिने तेथें राहिले. पुढें होमरूलची चळवळ आली, पुन्हां विलायत आली, आणि नंतर दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटचें सभासदत्वहि आलें. १९३८ सालीं त्यांचा अंत झाला.

अधिकारी, वकील, पुढारी, यात्रेकरू, सभासद, अशीं हीं पांच नांवें झालीं. यांतील खरे खापर्डे कोणते? हा प्रश्न चुकीचा आहे, हें त्यांच्या रोजनिशीवरून कळतें. त्यांनीं अनेक वर्षें नेमानें रोजनिशी ठेविली. कोर्टांत काम चालू असतांनाहि ती लिहिली गेली, आणि शिरडीस जेथें त्यांना कोर्ट नव्हतें, पक्षकार नव्हते, सभा नव्हत्या, तेथेंहि लिहिली गेली. सकाळीं केव्हां उठलों, प्रार्थना केली, कोण भेटलें, काय वाचलें, आरती कशी झाली, अशा साध्या नोंदी त्यांत आहेत. जागा बदलली, काम बदललें, लोकांची हांक मारण्याची रीत बदलली. रात्रीं दिवसाचा हिशेब लिहिणारा हात तोच राहिला. ज्या माणसापाशीं हुद्द्यावर अवलंबून नसलेला असा एखादा नेम आहे, त्याला एका कामांतून दुसऱ्या कामांत जातांना पाय ठेवायला जमीन मिळते, असें आम्हांस वाटतें.

अकोल्याकडेहि असें उदाहरण सांपडतें. विष्णु मोरेश्वर महाजनी हे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यांत चढत गेलेले अधिकारी. त्यांच्या हाताखालून किती शाळा तपासल्या गेल्या असतील! परंतु मराठी वाचकाला ते आठवतात ते शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'चें 'तारा' हें रूपांतर करणारे नाटककार म्हणून, आणि १९०७ सालच्या पुणें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून. त्याच संमेलनाची बैठक १९१२ सालीं अकोल्यास भरली, तेव्हां अध्यक्षस्थानीं हरि नारायण आपटे होते. हरिभाऊ पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेचे व्यवस्थापक होते. त्यांचा कामकाजाचा दिवस त्या संस्थेच्या कारभारांत जाई. अकोल्याच्या मंडपांत जमलेल्या लोकांनीं आनंदाश्रमाच्या व्यवस्थापकाला पाहावयास गर्दी केली होती काय? ज्या कामाचा पगार मिळतो तें काम आणि ज्या कामानें माणूस ओळखला जातो तें काम हीं एकच असलीं पाहिजेत, असा नियम कोठेंहि लिहिलेला नाहीं. तीं एक असलीं तर भाग्य. नसलीं तर पगाराच्या कामाचा तिटकारा करण्याचें किंवा त्यालाच सर्वस्व मानण्याचें कारण नाहीं. हरिभाऊंनीं तें काम नीट केलें, आणि कादंबऱ्याहि लिहिल्या.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. खापर्डे, महाजनी, आपटे हे सर्व सुशिक्षित, नांवाजलेले गृहस्थ. त्यांना हें साधलें. ज्याच्या घराचे हप्ते थकले आहेत, ज्याच्या मुलांच्या फीचा दिवस जवळ आला आहे, त्यानें या तत्त्वज्ञानाचें काय करावें? आमचें म्हणणें असें कीं, तीन पदरांचा विचार त्यालाच अधिक उपयोगी आहे. नोकरी सुटते तेव्हां तीन निरनिराळीं दुःखें एकदम अंगावर येतात. काम गेल्याचें, पगार गेल्याचें आणि मान गेल्याचें. तिन्हीं मिळून एकच मोठा अंधार वाटतो, आणि माणूस 'मी संपलों' असें म्हणूं लागतो. पण पगाराचें दुःख हें पैशाचें दुःख आहे. त्यावर उपाय पैशाचाच, म्हणजे खर्च कमी करणें, मिळेल तें काम धरणें, घरांत खरी स्थिति सांगणें. कामाचें दुःख हें रिकाम्या हातांचें आहे. हात रिकामे ठेवूं नयेत. उरला मान. दुसऱ्यांच्या तोंडीं असलेली ही वस्तु आपल्या घरीं होती असें आपण समजत होतों, एवढेंच. जुन्या वतनदारांपैकीं जे बुडाले ते बहुधा पगाराच्या दुःखानें बुडाले नाहींत. मानाच्या दुःखासाठीं कर्ज काढून बुडाले. आजहि नोकरी गेल्याचें शेजाऱ्यांना कळूं नये म्हणून सकाळीं डबा घेऊन बाहेर पडणारा गृहस्थ तोच जुना व्यवहार करीत असतो. केवळ घोड्याच्या जागीं डबा आला आहे.

आणि मान, पद, शिक्षण यांपैकीं कांहींच नसलेल्या एका वऱ्हाडी माणसाचें उदाहरण तर आपल्यापुढें आहेच. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं झाला. दापुऱ्यास मामाच्या घरीं ते वाढले, गुरें राखलीं, शेती केली. घाम गाळून पिकविलेली ती जमीन सावकारी व्यवहारांत हातची गेलेली त्यांनीं पाहिली. १९०५ सालीं ते घर सोडून बाहेर पडले. अंगावर चिंध्या, हातांत काठी आणि एक मातीचें गाडगें. ज्या गांवीं जावें तेथें प्रथम झाडू घेऊन रस्ता झाडावा, रात्रीं कीर्तन करावें, आणि सकाळीं पुढें चालूं लागावें, असा क्रम त्यांनीं १९५६ सालीं देह पडेपर्यंत चालविला. लोकांनीं त्यांस गाडगेबाबा हें नांव दिलें तें त्या गाडग्यावरून. त्यांनीं पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणीं धर्मशाळा उभारविल्या, पण स्वतः तेथें ऐसपैस राहिले नाहींत. पायां पडूं पाहणाऱ्यांना पायां पडूं दिलें नाहीं. त्यांच्या जीवनांत काम भरपूर होतें. हक्क व मान हे पदर त्यांनीं जवळजवळ उसवून टाकले होते. त्यामुळें त्यांना कोणी बडतर्फ करूं शकत नव्हतें. सर्वांनीं तसें व्हावें असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. संसारी माणसाला दुसरा पदर सोडतां येत नाहीं. परंतु अमरावतीचें विद्यापीठ १९८३ सालीं स्थापन झालें आणि पुढें त्याला या निरक्षर माणसाचें नांव देण्यांत आलें. तेव्हांपासून तेथून पदवी घेऊन नोकरी शोधावयास निघणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या प्रमाणपत्रावर, ज्याच्यापाशीं कोणतीच पदवी नव्हती त्याचें नांव छापलेलें असतें. तें त्यांनीं एकदां नीट वाचावें.

शेवटचें उदाहरण अशा एका देशमुखाचें, ज्याच्या हातीं देशमुखी नव्हती. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख हे १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें जन्मले. विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून पंडित झाले, आणि परत येऊन अमरावतीस वकिलीस लागले. १९३० सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. १९३३ सालीं तें मंत्रिपद सोडलें. पद सोडलेला मंत्री म्हणून घरीं बसण्याइतका वेळ त्यांना नव्हता, कारण श्री शिवाजी शिक्षण संस्थेचें काम त्यांनीं आधींच अंगावर घेतलें होतें. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा व वसतिगृहें काढणें हें त्यांचें काम मंत्रिपदाच्या आधीं होतें आणि नंतरहि राहिलें. १९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्र सरकारांत कृषिमंत्री होते. आणि अकोल्यास १९६९ सालीं निघालेलें कृषि विद्यापीठ आज त्यांचें नांव चालवितें. जुन्या देशमुखाचा शेतकऱ्याशीं संबंध वसुलापुरता होता. त्या नांवाच्या एका माणसानें शंभर वर्षांनंतर तो संबंध बियाण्याचा आणि शाळेचा केला. आडनांवांत पडून राहिलेलें काम असें नव्या रीतीनें पुन्हां करतां येतें. पण त्यासाठीं जुनें पद परत मागत बसावें लागत नाहीं.

आमच्या नगरांतील नव्या वसाहतींतून हिंडतांना घराघरावरील पाट्या वाचण्यासारख्या असतात. नांवाखालीं हुद्दा, आणि हुद्द्यापुढें कंसांत 'सेवानिवृत्त'. दहा वर्षांपूर्वीं सुटलेली नोकरी दारावर अजून पहारा करीत असते. पाटी लावणाऱ्यास आम्ही हंसत नाहीं. आयुष्याचीं तीस वर्षें ज्या कामांत गेलीं त्याचा अभिमान असणें योग्यच आहे. आमची विनंति इतकीच कीं, घरांत ज्याची नोकरी बदलली आहे किंवा सुटली आहे, त्याला आपण पाटीवरून हांक मारूं नये. लग्नाच्या बैठकींत 'मुलगा काय करतो?' हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण संसाराला दुसरा पदर लागतो. पण त्याबरोबर 'काम नसतें तेव्हां तो काय करतो?' हेंहि विचारावें. त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यापाशीं आहे, त्याच्या आडनांवांतील काम शंभर वर्षांपूर्वीं गेलें काय, किंवा कचेरींतलें काम काल गेलें काय, तो सकाळीं उठून कांहींतरी नीट करावयास बसेल, आणि घरच्यांना त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतां येईल.